हौशी लीगच्या नव्या नियमांना गतविजेत्याची हरकत

प्रति,
नियम समिती, हौशी टेबल टेनिस लीग,
विद्यार्थी मंडळ, जिमखाना.

विषय : सुरळीत चाललेल्या खेळात नियम आणल्याबाबत.

प्रिय विद्यार्थी मित्रांनो,

कॅन्टीनच्या फलकावर, वडापावच्या नव्या दरपत्रकाशेजारी तुम्ही लावलेली नियमावली मी उभ्याउभ्या वाचली. दरपत्रकही वाचलं. दोन्हींत वाढ आहे. दर का वाढतात हे मी वर्गात शिकवतो, त्यामुळे तिथे माझी तक्रार नाही. नियम का वाढावेत, हे मात्र समजलं नाही.

आपली लीग हौशी आहे. आजवर तिला एकच नियम होता : वाद झाला की ज्येष्ठ खेळाडू सांगेल ते मान्य. ज्येष्ठ खेळाडू मी असल्यामुळे वाद कधी फार चिघळले नाहीत. उलट, समोरच्या विद्यार्थ्याचा स्मॅश टेबलावर स्वच्छ पडला तरी तोच आधी म्हणतो, "सर, माझा आउट होता." अशी खिलाडूवृत्ती आजकाल पाहायला मिळत नाही. आमच्या विभागात ती वर्षभर आढळते आणि अंतर्गत गुण भरायच्या आठवड्यात तिला विशेष बहर येतो. या निकोप वातावरणात तुम्हाला आंतरराष्ट्रीय महासंघाचे नियम आणून टाकावेसे का वाटले?

सर्व्हिसपासून सुरू करतो, कारण माझा खेळही तिथेच सुरू होतो. आणि बहुतेक वेळा तिथेच संपतोही, म्हणजे समोरच्याचा. तुम्ही लिहिता की, बॉल उघड्या तळहातावर ठेवून निदान १६ सेंटिमीटर सरळ वर उडवायचा, त्याला बोटांनी फिरकी द्यायची नाही आणि तो खाली येत असताना मारायचा. मी कंपासपेटीतली पट्टी काढून पाहिली. ती १५ सेंटिमीटरची निघाली. म्हणजे शिक्षण मंडळाला भूमितीसाठी जेवढी उंची पुरते, तेवढीही तुम्हाला एका सर्व्हिसला पुरत नाही! माझा बॉल मुठीतून थेट बॅटवर जातो. मधल्या प्रवासात वेळ आणि ऊर्जा वाया घालवत नाही, याला आमच्या विषयात कार्यक्षमता म्हणतात. बोटांनी फिरकी देणं १९३०च्या दशकातच बंद झालं, असं तुमच्या निमंत्रकाने मला जिन्यात ऐकवलं. त्या काळात बंद झालेल्या कितीतरी चांगल्या गोष्टी मी आजही पाळतो.

पुढे आणखी कडी आहे. बॉल टेबलाच्या पातळीच्या वर आणि मागच्या रेषेच्या बाहेर हवा, आणि समोरच्याला तो सतत दिसायला हवा. बॉल उडाला की मोकळा हात बाजूला घ्यायचा, शरीराची आड नको. २००२पासून जगभर असंच आहे म्हणे. माझ्या शरीराची आड मी ठरवून करत नाही. ती गेली काही वर्षं आपोआप होत आली आहे. डॉक्टरांनीही तिच्याबद्दल सांगितलं आहे, पण त्यांचा सूर तुमच्याइतका कडक नव्हता. याच आडेमुळे कधी टेबल इंचभर सरकलं, तर तुम्ही पॉइंट समोरच्याला देणार. मोकळा हात टेबलावर टेकला तरी देणार. टेबलाचा एक पाय डुगडुगतो, त्याखाली कॅरमच्या पावडरीच्या डब्याचं झाकण आहे, हे समितीला ठाऊक असेलच. आधाराची गरज मला आहे की टेबलाला, हे ठरवायला मात्र नियम नाही.

नेटला लागून पलीकडे नीट पडलेली सर्व्हिस पुन्हा करायची, हे मान्य. पण कितीही वेळा? आपल्या हॉलची परंपरा अशी की तिसऱ्या लेटला पॉइंट जातो. अर्थात ही परंपरा विद्यार्थ्यांच्या सर्व्हिसला लागू आहे.

आता एकवीसचा प्रश्न. खेळ ११ पॉइंटचा, दर दोन पॉइंटांनी सर्व्हिस बदल, १०-१० झाले की एकेक सर्व्हिस आणि दोनची आघाडी होईपर्यंत लढत, हे तुम्ही २००१च्या जागतिक बदलाचा दाखला देऊन लादलं आहे. माझी पिढी २१ पॉइंट आणि पाच-पाच सर्व्हिसवर वाढली. पाच सलग सर्व्हिस हातात असल्या की माणसाला नियोजन करता येतं. पहिल्या दोन वाया घालवायच्या, तिसरीत फसवायचं, चौथीला समोरचा घाबरलेला असतो, पाचवीत चहाची ऑर्डर देता येते. शिवाय यात संख्याशास्त्र आहे. सामना जितका छोटा, तितकी नवख्याची नशिबाने जिंकायची शक्यता जास्त. तुम्ही खेळ आखूड केलात आणि अनुभवाचं मूल्य घसरवलंत. पाचपैकी तीन गेम ठेवून भरपाई केल्याचा आव आणू नका. पाचव्या गेमपर्यंत उभं राहायला दम लागतो, आणि तो तुमच्याकडे आहे हे तुम्हाला पक्कं ठाऊक आहे.

बॉलबद्दल थोडक्यात. २००० साली तो ३८चा ४० मिलिमीटर झाला, २०१४मध्ये सेल्युलॉइड जाऊन प्लास्टिक आलं. माझ्या कपाटात जुन्या सेल्युलॉइडच्या बॉलचा डबा आहे. सेल्युलॉइडमध्ये कापूर असतो, त्यामुळे डबा उघडला की देवघरात आल्यासारखं वाटतं. असा बॉल चेपला तर कॅन्टीनवाल्या काकांकडून गरम पाणी मागवून त्यात सोडायचा, दोन मिनिटांत टुणकन गोल. तुमच्या प्लास्टिकला ना वास, ना पुनर्जन्म. तेव्हा हा डबा मी सामन्याला आणणार, आणि कोणता बॉल घ्यायचा ते टॉसवर ठरू द्या. टॉससुद्धा टेबलाखाली हात नेऊन "कुठल्या मुठीत?" असाच व्हावा. नाण्यावर माझा विश्वास नाही.

मुख्य घाव मात्र तुम्ही माझ्या बॅटवर घातला आहे. बॅटची एक बाजू काळी आणि दुसरी लाल किंवा दुसऱ्या ठळक रंगाची हवी, आणि सामन्याआधी ती प्रतिस्पर्ध्याच्या हातात पाहायला द्यायची. मुलांनो, माझी बॅट दोन्ही बाजूंनी काळी आहे. एका बाजूला गुळगुळीत रबर आहे, दुसऱ्या बाजूला लांब पिंपल. टेबलाखाली हलकेच फिरवली की समोरच्याला कळत नाही, बॉल कोणत्या बाजूने आला. टॉपस्पिन समजून तो बॅट लावतो आणि बॉल नेटमध्ये जातो. १९८०च्या दशकात जगाने या कलेवर रंगाची सक्ती आणली, कारण अशा बॅटींनी मोठमोठ्या खेळाडूंना हैराण केलं होतं. मनिका बात्राचं उदाहरण मी जिन्यातच दिलं : तीही लांब पिंपल वापरते, तीही बॅट फिरवते. निमंत्रक म्हणाला, "सर, पण तिची बॅट दोन रंगांची असते. समोरच्याला दिसतं आणि तरी ती जिंकते." हे उत्तर मला उद्धट वाटलं.

इतिहासही बघा. १९५२ची जागतिक स्पर्धा आपल्या मुंबईत झाली. जपानचा हिरोजी सातो जाड स्पंजची बॅट घेऊन आला. तोवर टणक रबरावर बॉल टकटक वाजायचा आणि त्या आवाजावरून फटक्याचा अंदाज यायचा. याच्या बॅटला आवाजच नव्हता. भलेभले गोंधळले आणि सातो जगज्जेता झाला. त्याला कुणी अडवलं? कुणी नाही. स्पंज आणि रबराच्या जाडीवर चार मिलिमीटरची मर्यादा आली ती १९५९मध्ये, म्हणजे सात वर्षांनी. आपल्या समितीने माझ्या बाबतीतही अशीच सात वर्षं विचार करावा. तोवर मी निवृत्त झालेला असेन.

शिवाय तुम्ही ज्याला फसवणूक समजता, त्याला असममित माहिती म्हणतात. एकाला ठाऊक आहे, दुसऱ्याला नाही, अशा बाजाराच्या अभ्यासाला अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं आहे आणि तेही २००१ साली. त्याच वर्षी टेबल टेनिसवाल्यांनी २१चे ११ केले. कुणी कशात प्रगती केली, ते तुम्हीच ठरवा.

दहा मिनिटांचा नियम वाचून तर हसू आलं. दहा मिनिटांत गेम संपला नाही आणि दोघांचे मिळून १८ पॉइंट झाले नसतील, तर पुढे परतवणाऱ्याने १३ वेळा बॉल परतवला की पॉइंट त्याचा. मी पुश करतो. समोरचाही पुश करतो. मी पुन्हा पुश करतो. यात कुणाचं काय बिघडतं? १९३६मध्ये प्रागला एर्लिख आणि पानेथ यांचा पहिलाच पॉइंट दोन तासांच्या वर चालला होता. पुढच्या वर्षी महिलांची अंतिम लढत इतकी रेंगाळली की आयोजकांनी ती रद्द करून विजेतेपद रिकामं ठेवलं. मग नेटही खाली आणलं, आज ते १५.२५ सेंटिमीटर आहे. म्हणजे संथ खेळाची भीती तेव्हापासूनची आहे. मला त्या काळात जन्मायला हवं होतं. आपल्याकडे बाहेर बाकावर मुलं रांग लावून बसलेली असतात, हे मला दिसतं. त्यांनी लायब्ररीत जावं.

दुहेरीविषयी लिहिताना मला जपून लिहावं लागतं. माझे जोडीदार स्वतः प्राचार्य आहेत. आमची कामाची वाटणी स्पष्ट आहे : उंच आलेला बॉल सर मारतात, बाकीचे मी उचलतो. तुमच्या नियमाप्रमाणे जोडीने आळीपाळीनेच मारायचं आणि सर्व्हिस उजव्या अर्ध्यातून समोरच्या उजव्या अर्ध्यात, तिरकीच जायला हवी. म्हणजे प्राचार्यांनी प्रत्येक फटक्यानंतर बाजूला सरायचं? संस्थेच्या इतिहासात कुणी कुणासाठी बाजूला सरलेलं मी पाहिलेलं नाही. हा मुद्दा तुम्ही त्यांच्या केबिनमध्ये जाऊन मांडावा. मी सोबत येणार नाही.

प्रत्येक गेमनंतर बाजू बदलायची, शेवटच्या गेममध्ये पाच पॉइंटांवर पुन्हा बदलायची. माझ्या बाजूला पंख्याचं बटण आहे. बॉल २.७ ग्रॅमचा, त्याला वाऱ्याची झुळूक पुरते, आणि वारा कधी सुरू करायचा याचा अंदाज अनुभवाने येतो. पांढऱ्या बॉलसमोर पांढरा शर्ट नको, हेही आलंच. माझे सगळे शर्ट पांढरे आहेत. खेळ सलग चालावा, फोन घ्यायचे नाहीत, मागायची तर एका मिनिटाची एकच विश्रांती मागावी, असंही तुम्ही म्हणता. परीक्षा विभागाचा फोन मी उचलणारच. तो आला नाही तर मी करणार.

या सगळ्यावर तडजोड होऊ शकली असती. पण कलम नऊ? "अंपायर हा दोन्ही खेळाडूंच्या विभागांबाहेरचा असेल." आजवर आपल्याकडे हरलेला खेळाडू पुढच्या सामन्याचा अंपायर होतो, ही साधी, बिनखर्चाची पद्धत आहे. माझ्या सामन्यांचे अंपायर साहजिकच माझ्याच हातून हरलेले, म्हणजे माझेच विद्यार्थी असतात. त्यांना माझा खेळ समजतो. बॉल टेबलाच्या वरच्या कडेला लागला की खालच्या बाजूला, हा निवाडा किती नाजूक असतो! वर लागला तर बॉल उसळतो आणि पॉइंट मारणाऱ्याचा. बाजूला लागला तर तो खाली घसरतो आणि पॉइंट समोरच्याचा. माझे अंपायर बॉलकडे बघण्याआधी माझ्याकडे बघतात, त्यामुळे निर्णय लवकर होतो. गेल्या आठवड्यात सरावाला तुम्ही भौतिकशास्त्राच्या एका मुलाला बसवलंत. त्याने माझ्या पहिल्या सर्व्हिसला ताकीद दिली आणि दुसऱ्या सर्व्हिसला पॉइंट काढून घेतला. वर म्हणतो, "सर, बॉल उडालाच नाही." मी त्याला त्याचं नाव विचारलं. त्याने सांगितलं. नाव घेऊन करायचं काय, असा प्रश्न मला प्रथमच पडला.

बॉल टेबलाच्या मागे, हवेतच माझ्या हाताला लागला तरी पॉइंट माझा, कारण तो टेबल ओलांडून गेलेला होता, हेही त्यानेच समजावलं. नियम माझ्या बाजूचा निघाला, याचं मला आश्चर्य वाटलं. तो एक नियम ठेवावा.

तेव्हा समितीने नियमावली मागे घेऊन पूर्वीची पद्धत चालू ठेवावी, ही विनंती. ते जमत नसेल तर निदान सोडतीचा फेरविचार व्हावा. पहिल्या फेरीत माझा सामना वनस्पतिशास्त्राच्या प्रथम वर्षाच्या एका मुलीशी लावला आहे. ती बॉल बराच वर उडवते, तिची बॅट लाल-काळी आहे, आणि कॉरिडॉरमध्ये नमस्कार केल्यावर ती बोलायला थांबत नाही. तिचा कोणताही पेपर माझ्याकडे नाही. पुढच्या सत्रात तिने ओपन इलेक्टिव्ह म्हणून अर्थशास्त्र घेतल्यास मी तिच्याशी केव्हाही खेळायला तयार आहे.

आपला,
गतविजेता (एकेरी), गतविजेता (दुहेरी, प्राचार्यांसह)