घाट उतरलेल्यांसाठी: सालवडात घर कसे शोधावे

परदेशी जायला पासपोर्ट लागतो, हा एक गैरसमज आहे. आपल्याकडे घाटमाथ्यावरचा तो ‘देश’ आणि खालचं ते कोकण. म्हणजे विटा, बार्शी, लातूर यांपैकी कुठूनही निघून ज्याने घाट उतरला, त्याने देश सोडलाच. मी चौदा वर्षांपूर्वी विट्याहून निघालो तेव्हा माझ्याकडे एक पत्र्याची ट्रंक, केमिस्ट्रीच्या एमएस्सीची मार्कलिस्ट आणि आईने दिलेली पायलीभर ज्वारी होती. बोईसर स्टेशनवर उतरून पहिला श्वास घेतला आणि कळलं, आलो परदेशात. तेव्हापासून चार घरं बदलली, चारही सालवडात. या अनुभवाच्या जोरावर नवशिक्यांसाठी ही मार्गदर्शिका. पायऱ्या क्रमाने चढाव्यात. क्रम चुकल्यास डिपॉझिट जाईल.

पायरी पहिली: आपण कुठे आहोत ते ठरवा

तारापूर औद्योगिक वसाहतीत नोकरी लागली म्हणून तारापुरात घर शोधू नका. तारापूर तिकडे समुद्राकाठी, किल्ल्याजवळ निवांत बसलं आहे. वसाहत त्याच्या नावाची असली, तरी आहे बोईसरच्या अंगणात. तेव्हा पत्ता असा पाठ करा: गाव सालवड, स्टेशन बोईसर, नोकरी तारापूर, तालुका पालघर. जुनी कागदपत्रं दाखवली गेली तर जिल्हा ठाणे दिसेल. घाबरू नका. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला, कागद त्याच्या आधीचे आहेत.

दलाल तुम्हाला सालवड म्हणून कुठलीही खोली दाखवेल. चित्रालयाकडे नेलं तरी सालवड, अवधनगरात नेलं तरी सालवड. सालवड ही त्याच्या दृष्टीने जागा नसून एक भाव आहे. परवडणाऱ्या भाड्याच्या खोल्या जिथपर्यंत सापडतात तिथपर्यंत त्याचं सालवड पसरतं.

पायरी दुसरी: आपण कोण आहोत ते मालकाला ठरवू द्या

पहिला प्रश्न येतो, “फॅमिली है क्या?”

हिंदीत येतो. तुम्हीही हिंदीत उत्तर देता. मालक आणि भाडेकरू, दोघेही मराठी, पंधरा मिनिटं एकमेकांच्या हिंदीचे हाल करत राहतात. मग मालकांचा फोन वाजतो आणि ते घरच्यांशी वाडवळी मराठीत बोलू लागतात. तेव्हा दोघांचीही सुटका होते. माझ्या पहिल्या मालकांनी फोन ठेवला आणि म्हणाले, “अहो, मग आधी नाही का सांगायचं?” भाडं मात्र हिंदीत ठरलं होतं तेवढंच राहिलं.

फॅमिली असल्यास थेट पुढच्या पायरीवर जा. एकटे असल्यास थांबा. एकट्या माणसाला या गावात खोली मिळत नाही, खोलीतली पाळी मिळते. बारा बाय दहाची खोली, तीन खाटा आणि सहा माणसं. दिवसपाळीवाला उठला की त्याच्या ऊबदार गादीवर रात्रपाळीवाला आडवा होतो. मी आठ महिने ज्याच्याबरोबर एकाच गादीवर झोपलो तो ओडिशाचा गडी मला तीनदाच भेटला, तिन्ही वेळा रविवारी. त्याच्या केसांच्या तेलाचा वास मात्र मी आजही ओळखीन.

दुसरा प्रश्न, “तुम्ही कुठले?” याचं उत्तर थोडक्यात द्या. जिल्हा पुरे. इथे हा प्रश्न विचारणाराही बहुतेक वेळा कुठूनतरी आलेला असतो. मराठीत उत्तरेकडच्या माणसाला परदेशी म्हणायची जुनी रीत आहे, कित्येकांचं ते आडनावही झालं आहे. गोरखपूरहून वीस वर्षांपूर्वी आलेला परदेशी आता चार खोल्यांचा मालक होऊन सांगलीच्या माणसाला जेव्हा म्हणतो, “बाहर के आदमी को हम रूम नहीं देते,” तेव्हा हसू दाबावं. मी दाबलं नाही, खोली गेली.

“तुम्ही कुठले?” या प्रश्नाला एक उत्तर असंही मिळतं ज्यावर हसता येत नाही. तारापूर अणुऊर्जा केंद्राच्या तीन आणि चार क्रमांकाच्या अणुभट्ट्यांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही दोन गावं उठवली गेली. त्या भट्ट्या २००५-०६ पासून प्रत्येकी ५४० मेगावॉट वीज देताहेत. तिथलं कुणी भेटलं आणि “मी पोफरणचा” म्हणालं, तर “ते कुठे आलं?” असं विचारू नका. ती माणसं घाट न उतरता, तालुकाही न ओलांडता परदेशी झाली.

पायरी तिसरी: नाक

ही मुख्य पायरी. बाकीच्या चुकल्या तर निस्तरता येतात.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ सालची प्रदूषित औद्योगिक क्षेत्रांची गुणवत्ता यादी काढली, तेव्हा तारापूर देशात पहिलं आलं. गुण ९३.६९. माझ्या मार्कलिस्टवर एवढे गुण कधी पडले नाहीत. बक्षीस समारंभ झाला नाही. उलट मांगेला या मच्छीमार समाजाची परिषद त्याआधीच प्रदूषणाची तक्रार घेऊन राष्ट्रीय हरित लवादाकडे गेली होती, कारण नाल्यातून खाडीत आणि खाडीतून समुद्रात जे जातं ते शेवटी मच्छीमारांच्या जाळ्यात येतं. कारखान्यात आम्ही लोक ही बातमी वाचत होतो तेव्हा आमच्या पगाराची तारीख होती. असो.

तर नाक कसं वापरायचं? शाळेतला भूगोल आठवा. दिवसा समुद्राकडून जमिनीकडे वाहतात ते खारे वारे, रात्री जमिनीकडून समुद्राकडे जातात ते मतलई वारे. तेव्हा परीक्षेत दोन गुणांना होतं, इथे तुमच्या झोपेला आहे. दलाल घर कायम सकाळी अकराला दाखवतो. त्या वेळी वारा कुणाच्या बाजूने आहे हे त्याला पक्कं ठाऊक असतं. गच्चीवर चढा, कारखान्यांच्या चिमण्या कुठल्या अंगाला आहेत ते पाहा, दलालाला छान म्हणून सांगा आणि त्याच घराखाली रात्री बारा-एकला एकटेच जाऊन उभे राहा. कुत्री भुंकतील. भुंकू द्या, श्वास घ्या.

आता वास ओळखायला शिका. नेलपॉलिशसारखा गोडसर वास आला तर कुठेतरी सॉल्व्हंट उडतंय. कडू बदामासारखा आला तर नायट्रोबेंझिन आठवा आणि घर सोडा. कोबी सडल्यासारखा आला तर मर्कॅप्टन, अंडं सडल्यासारखा आला तर हायड्रोजन सल्फाइड. दोन्ही अगदी थोडे असले तरी नाकाला कळतात, पण दुसऱ्याच्या बाबतीत वास अचानक थांबला म्हणजे हवा स्वच्छ झाली असं धरू नका. तो वायू जास्त झाला की नाकच बंद पाडतो. खारट, उग्र आणि थोडा भाजक्या कागदासारखा वास आला तर तो सुका बोंबील. देशावरचा माणूस याच वासाला घाबरून पळतो आणि नेमका पलीकडे मर्कॅप्टनखाली जाऊन राहतो. बोंबलाच्या वासाचं घर मिळालं तर डोळे मिटून घ्या. शेजारी खाणारे आहेत, पावसाळ्यात तुम्हालाही वाटीभर येईल.

कानही थोडा वापरा. खिडक्यांच्या काचा वाजवून पाहा, नव्या वाटल्या तर कधी बसवल्या ते विचारा. जानेवारी २०२० मध्ये वसाहतीतल्या एका कारखान्यात झालेल्या स्फोटाचा हादरा दूरदूरच्या गावांना बसला होता, त्यात माणसं गेली. त्या संध्याकाळी मी घरी होतो. भांड्यांची मांडणी पडली आणि बायको पहिल्यांदा म्हणाली, जाऊ या का परत विट्याला. दुसऱ्या दिवशी आम्ही मांडणी भिंतीला ठोकून बसवली.

नाकाविषयी शेवटची सूचना: हे उपकरण सहा महिनेच चालतं. मग त्याला सवय होते. म्हणून घर पाहायचं ते पहिल्या सहा महिन्यांतच.

पायरी चौथी: पाणी

सूर्या नदीचं पाणी येतं का, ते विचारा. “बोअरिंग है” असं उत्तर आलं तर बादलीभर पाणी मागून रात्रभर झाकून ठेवा, सकाळी रंग पाहा. मालक हसतील. हसू द्या.

पायरी पाचवी: अकरा महिने

भाड्याचा करार अकरा महिन्यांचा का, हे सालवडात कुणालाच सांगता येत नाही, तरी सगळे तो अकरा महिन्यांचाच करतात. वर्षाच्या आतला करार नोंदवावा लागत नाही, ही एक ऐकीव गोष्ट. महाराष्ट्रात ती चालत नाही. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याचं कलम ५५ म्हणतं, करार लेखी हवा, नोंदवलेला हवा आणि नोंदवायची जबाबदारी मालकाची. मालकाने तो नोंदवला नाही आणि भांडण झालं, तर भाडेकरू सांगेल त्या अटी खऱ्या धरायच्या, मालक उलट सिद्ध करेपर्यंत. भाडेकरूच्या बाजूने इतकं गोड कलम वाचून माझे डोळे पाणावले होते.

हे मालकांना सांगू नका. सांगायचंच तर चहा झाल्यावर, हळू आवाजात, “काका, तुमच्याच भल्याचं आहे” या सुरात सांगा. खर्चाचा हिशोब तोंडपाठ ठेवा. मुद्रांक शुल्क पाव टक्का: अकरा महिन्यांच्या एकूण भाड्यावर, शिवाय डिपॉझिटच्या दहा टक्के वार्षिक व्याजावर. सहा हजार भाडं आणि तीस हजार डिपॉझिट असेल तर हे होतात पावणेदोनशे रुपयांच्या आसपास. ग्रामीण भागात नोंदणी फी पाचशे. एवढ्या पैशासाठी पंचाहत्तर लाखांच्या जमिनीचा मालक तुम्हाला साध्या स्टॅम्पपेपरवर नोटरी करून आणायला पाठवतो, आणि तुम्ही जाता. मीही गेलो होतो.

डिपॉझिट परत मागायची वेळ आली की भिंती आठवतात. रंगाचे पैसे कापले जातील. म्हणून राहायला जाताना प्रत्येक भिंतीचा, प्रत्येक ओल आलेल्या कोपऱ्याचा फोटो काढा, मालकांना त्याच दिवशी पाठवा आणि खाली “घर छान आहे, काका” असं लिहा.

पायरी सहावी: फक्त ज्यांना विकत घ्यायचंय त्यांच्यासाठी

बाकीच्यांनीही वाचावी, पुढे मोह होणारच आहे. २०१३ च्या एप्रिलमध्ये लोकल डहाणूपर्यंत धावू लागली तेव्हा पहिल्यांदा झाला. मग बुलेट ट्रेनच्या स्थानकांच्या यादीत बोईसर आलं तेव्हा दुसऱ्यांदा, आणि ३० ऑगस्ट २०२४ ला वाढवण बंदराची पायाभरणी झाली तेव्हा तिसऱ्यांदा. जाहिरातीच्या फलकावर या तिन्ही गोष्टी एकाच चित्रात असतात, मागे डोंगर आणि पुढे गोरं कुटुंब. त्या फलकाखाली उभं राहून विरारची गर्दीची गाडी पकडणारा माणूस तुम्ही असाल, एवढं लक्षात ठेवा.

इमारतीतला फ्लॅट असेल तर महारेराचा क्रमांक मागा, संकेतस्थळावर स्वतः टाकून पाहा, आणि करार नोंदवण्याआधी किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त पैसे देऊ नका. २०१६ च्या कायद्याने घेणाऱ्याला तेवढी तरी ढाल दिली आहे.

पण सालवडात मोह होतो तो चाळीतल्या खोलीचा. “घरपट्टी आपल्या नावावर करून देतो, लाइट मीटर लावून देतो, आणखी काय पाहिजे?” असं म्हटलं जाईल. आणखी सातबारा पाहिजे. घरपट्टीची पावती म्हणजे ग्रामपंचायतीने कर घेतला एवढंच, त्यावरून जमीन तुमची होत नाही आणि बांधकाम अधिकृतही होत नाही. सातबारा हातात आला की नावाकडे पाहू नका, नाव बरोबरच असतं. थेट ‘इतर अधिकार’ या रकान्यावर जा. तिथे कुळकायद्याचं कलम ४३ दिसलं, किंवा वर भूधारणा पद्धतीसमोर भोगवटादार वर्ग २ दिसलं, तर कागद घडी घालून परत द्या. जमीन आदिवासी खातेदाराची असेल तर जमीन महसूल संहितेचं कलम ३६-अ लागतं, बिगरआदिवासीला ती परवानगीशिवाय घेता येत नाही. या जिल्ह्यात हे कलम उगाच आलेलं नाही. वारल्यांच्या जमिनी कशा गेल्या हा इतिहास फार जुना नाही, आणि साध्या स्टॅम्पपेपरवर तो पुढे चालवायचं काम विट्याच्या माणसाने करू नये.

शेतजमीन घेऊन फार्महाऊस बांधू म्हणणाऱ्यांनी आधी आपण शेतकरी आहोत का, हे तपासावं. मी आहे. विट्याला पावणेदोन एकर, त्यात भावाचा अर्धा.

पायरी शेवटची: पाहुणे

घर लागल्यावर सहा-सात महिन्यांनी घरचं माणूस भेटीला येतं. माझी आई आली. पहाटेच्या गाडीने बोईसरला उतरली, एका हातात ज्वारीची पिशवी, दुसऱ्या हाताने नाकाला पदर. रिक्षात बसेपर्यंत बोलली नाही. नवापूर नाका मागे पडला तशी म्हणाली, “हा कसला रे वास?”

मी खिडकीबाहेर तोंड काढून चांगला दोनदा श्वास घेतला.

“कुठला, आई?”