समथरचे आकाश आणि टोळांची मुत्सद्देगिरी

बुंदेलखंडातील समथर हे संस्थान क्षेत्रफळाने अवघे १७८ चौरस मैलांचे होते. परंतु अकरा तोफांच्या सलामीचा मान, एक भरभक्कम किल्ला आणि ज्यांच्याकडे अहोरात्र संशयाने पाहावे असे शेजारी, एवढा सरंजाम लाभल्यामुळे सार्वभौमत्वास लागणाऱ्या कोणत्याही सामग्रीची त्यास वाण नव्हती. दतियापासून विभक्त झालेल्या या गुजर राजघराण्यास ‘राजा’ हा किताब मराठ्यांच्या धामधुमीत मराठ्यांकडूनच मिळाला. झाशीस नेवाळकर, जालौनास गोविंदपंत बुंदेल्यांचे वंशज आणि पुढे भांडेर परगण्यात ग्वाल्हेरकर शिंदे, असा मराठी माणसांचा शेजारही त्याच्या वाट्याला आला. आणि १८१७ साली या राजाने घाईने इंग्रजांशी तह करून टाकला, यावरून तो शेजार किती सुखाचा असेल याची कल्पना वाचकांनी करावी.

त्या काळी सरहद्दीचे तंटे बांधाचे, कुरणाचे, नाल्याच्या पाण्याचे असत. आकाश मात्र कोणाच्याच दफ्तरी दाखल नव्हते. घारी-गिधाडांनी जालौनच्या इलाख्यात ढोर खाऊन समथरच्या बुरुजावर येऊन बसावे आणि जकातनाक्यावरील कारकुनाने हात चोळीत ते नुसते पाहावे, असा तो अनागोंदीचा जमाना होता. ही उणीव पुढे मानवजातीने भरून काढली. १९४४ साली शिकागो येथे झालेल्या करारान्वये प्रत्येक राष्ट्राचे आपल्या भूमीवरील आकाशावर संपूर्ण व अनन्य स्वामित्व असल्याचे मान्य झाले; आणि ६ एप्रिल १९९१ रोजी भारत व पाकिस्तान यांनी, लढाऊ विमानांनी परस्परांच्या हवाई हद्दीपासून दहा किलोमीटर दूर राहावे, असा तहनामा केला.

हे कलम समथरास लावून पाहण्याचा मोह आम्हांस आवरत नाही. १७८ चौरस मैल म्हणजे सुमारे ४६१ चौरस किलोमीटर; मुलूख अगदी चौरस धरला तरी एका बाजूची लांबी साडेएकवीस किलोमीटरांच्या आतच राहते. दोहों बाजूंनी दहा-दहा किलोमीटर सोडले असता मधोमध दीड किलोमीटरांचा एक तुकडा उरतो. महाराजांच्या लढाऊ विमानाने तेवढ्या जागेत राजवाड्याच्या मुदपाकखान्याभोवती घिरट्या घालाव्यात, वळण जरा ऐसपैस घेतले गेले की पैलतीरच्या वकिलाने निषेधाचा खलिता घेऊन दरबारात हजर व्हावे, आणि दिवाणजींनी तो खलिता कालच्या खलित्याखाली ठेवून द्यावा. परकीय विमानाने घुसखोरी केली तर तोही प्रकार फार वेळ चालण्यासारखा नव्हे. ताशी हजार किलोमीटर वेगाने येणारा पाहुणा सव्वा मिनिटात संस्थान ओलांडून जाणार; सलामीच्या अकरा तोफाही तेवढ्यात उडून होणे कठीण.

मोठ्या राष्ट्रांचा कारभार यापेक्षा गंभीर असतो, असे आम्ही समजत होतो. १० ऑगस्ट १९९९ रोजी कच्छच्या रणानजीक पाकिस्तानी नौदलाचे अटलांटिक विमान भारताने पाडले. सोळा माणसे त्यात दगावली, ही गोष्ट विनोदाच्या कक्षेबाहेरची. परंतु त्यानंतर विमान कोणाच्या आकाशात होते याविषयी उभय पक्षांनी आपापल्या नकाशांवर बोट ठेवून जे दावे केले, ते हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयापर्यंत गेले आणि २१ जून २००० रोजी त्या न्यायासनाने, या खटल्याचा अधिकारच आपणांस नाही, असा निवाडा देऊन हात झटकले. २०१९ च्या फेब्रुवारीत समथरच्याच शेजारच्या ग्वाल्हेरहून मिराज विमाने उडाली ती बालाकोटला जाऊन आली. ९ मार्च २०२२ रोजी तर आमचे एक ब्राह्मोस क्षेपणास्त्र कोणाचाही हुकूम नसता निघाले आणि पाकिस्तानातील मियां चन्नू येथे जाऊन पडले. आम्ही सखेद दिलगिरी कळविली, चौकशी बसविली आणि तीन अधिकारी बडतर्फ केले. तहनाम्यात विमानांची जंत्री आहे. वाट चुकलेल्या क्षेपणास्त्राने सरहद्दीपासून किती अंतर राखावे, याचा खुलासा तेथे आढळत नाही.

मात्र समथर आज ज्यात मोडते त्या खुद्द झाशी जिल्ह्यापर्यंत येऊन पोहोचलेली घुसखोरी पाहावयाची तर मे २०२० कडे वळले पाहिजे. त्या महिन्यात पाकिस्तानातून राजस्थानात आणि तेथून पुढे सरकत टोळांचे थवे झाशीच्या मुलखात उतरले. त्यांच्यापाशी परवाना नव्हता, दस्तक नव्हते, आणि दहा किलोमीटरांच्या कलमाची त्यांना दादही नव्हती. वारा अनुकूल असता टोळ दिवसाकाठी दीडशे किलोमीटर जातो. एक चौरस किलोमीटर व्यापणारा थवा दिवसाला ३५ हजार माणसांइतके अन्न फस्त करतो. १९०१ च्या खानेसुमारीत सबंध समथर संस्थानाची वस्तीच ३३ हजारांच्या घरात होती. म्हणजे महाराजांच्या विमानासाठी आम्ही वर राखून ठेवलेल्या तुकड्यातही आरामात मावणारी ही फौज एका दिवसात साऱ्या रयतेचे जेवण जेवून गेली असती.

या स्वारीविरुद्ध कोणी विमानविरोधी तोफ डागली नाही. जिल्हाधिकाऱ्यांनी अग्निशामक दलास औषध भरून सज्ज राहण्याचा हुकूम दिला, राजस्थानातील कोट्याहून जाणकारांचे पथक आले, आणि रयतेने थाळ्या, डबे, ढोल जे हाती लागेल ते बडविले. या विद्येची रंगीत तालीम राष्ट्राने दोनच महिन्यांपूर्वी, २२ मार्चच्या जनता कर्फ्यूत, आपापल्या सज्जांत उभे राहून केलेली असल्यामुळे हात बसलेला होता. टोळ सूर्यास्तानंतर झाडांवर मुक्काम करतो आणि ऊन चढल्यावर उठतो. म्हणून फवारणी रात्री किंवा पहाटे करावयाची असते. निद्रिस्त शत्रूवर छापा घालण्याची ही रीत शिवकालापासून आमच्या परिचयाची आहे, फक्त येथे शत्रू रात्री खरोखरीच झोपतो.

आणि या शत्रूच्या बाबतीत दोन्ही सरकारे एकमेकांशी बोलतात, हेच मोठे नवल. १९३९ साली, म्हणजे फाळणीपूर्वीच, टोळधाडीची आगाऊ खबर देणारे खाते निघाले. आणि १९७७ पासून मुनाबाव किंवा खोखरापार येथे उभय देशांच्या टोळ-अधिकाऱ्यांनी सरहद्दीवर भेटून कोठे किती अंडी दिसली, पिले कोणत्या दिशेस सरकली, याची माहिती परस्परांस द्यावी, असा प्रघात पडला. वकिलाती रिकाम्या होतात, क्रिकेट बंद पडते. आणि ही साधी माणसे टेबलाच्या दोन बाजूंस बसून, कीड कोणत्या देशाची हा प्रश्न उपस्थित न करता, तिचा हिशेब मांडतात.

एप्रिल २०२५ अखेर दोन्ही देशांनी एकमेकांच्या विमानांस आपापली आकाशे बंद केली, मे महिन्यात चार दिवस अग्निवर्षाव झाला, आणि शस्त्रे थांबल्यावरही ती बंदी दर महिन्यास, भाडेचिठ्ठीसारखी, मुदतवाढ घेत राहिली. दिल्लीहून पश्चिमेस जाणारा उतारू वळसा घालीत राहिला आणि त्या वळशाचे इंधन त्याच्याच तिकिटात जमा होत राहिले. अशा समयी आकाशाचा सारा वाद मुनाबावच्या टोळ-अधिकाऱ्यांकडे वर्ग करावा, अशी आमची सूचना आहे. अडचण एकच. त्यांच्या बैठकींचा हंगाम जून ते नोव्हेंबर असा ठरलेला आहे. बालाकोट फेब्रुवारीत झाले, क्षेपणास्त्र मार्चमध्ये भरकटले, आणि २०२५ चे युद्ध मे महिन्यात. तेव्हा उभय परराष्ट्र खात्यांनी यापुढील तणाव कृपा करून पावसाळ्यात उपस्थित करावा, म्हणजे तो विषयपत्रिकेवर, पिलांच्या नोंदीनंतर, घेता येईल.