रिपीटर भैया

लातुरात रात्री शेवटची बॅच सुटली की चहाच्या गाड्यावर अकरावीची पोरं ज्याच्याभोवती गोळा होतात, तो रिपीटर भैया. गाव मुखेडकडचं. ‘नीट’चा पहिला अटेम्प्ट नांदेडात, दुसरा लातुरात. ‘सर्व्हर बदलला,’ एवढंच सांगतो.

अभ्यास येत नाही असं नाही. व्हिटेकरची 1969 ची पंचसृष्टी पद्धती पाठ आहे. कोणता जीव कोणत्या सृष्टीत बसवायचा, इथं गाडी अडते. गेमच्या बाबतीत मात्र भैया व्हिटेकरचाही बाप. बंदूक दिसली की पबजी म्हणणाऱ्या पोरांची त्याला कीव येते. ‘काउंटर-स्ट्राइक म्हंजे शूटर, त्यात टीमला टीम भिडती. पबजी बॅटल रॉयल. शंभर जण उड्या मारणार, वर्तुळ आवळत जाणार, शेवटी एक उरणार. नीट दुसरं काय आहे? 2024 ला 23 लाखांवर पोरं बसली, एमबीबीएसच्या जागा लाखभर. शंभरात चार-पाच वाचतेत. पबजीपेक्षा सोपंय!’ हा हिशोब तोंडी. फिजिक्सच्या पेपरात असं काही सुचत नाही. पबजीचा भारतीय अवतार बीजीएमआय 2021 ला आला, 2022 ला गेला, 2023 ला परत आला, म्हणून त्याला त्या गेमचा विशेष जिव्हाळा: ‘तोबी रिपीटरच.’

पझल म्हणजे कँडी क्रश. तो मेसवाल्या काकूंचा प्रांत, त्यात भैया पडत नाही. (काकू त्याच्या फार पुढच्या लेव्हलवर आहेत, हे खरं कारण.) स्ट्रॅटेजी म्हटलं की एज ऑफ एम्पायर्स: धान्य, लाकूड, सोनं, दगड जमवा, मग लढा. ‘पाणी नाही का जमवायचं?’ एका लातूरकर पोरानं विचारलं. ‘ते मिरजेहून रेल्वेनं येतंय, 2016 सारखं,’ भैया म्हणाला. रोल प्लेइंगमध्ये दुसऱ्याचं सोंग घेऊन लेव्हल वाढवायची. त्याचं उदाहरण म्हणून भैया भिंतीवरचा आवर्त सारणीचा तक्ता दाखवतो. व्हिडिओ कॉलवर आईला तेवढाच दिसतो.

मागच्या महिन्यात वडील फीचा हप्ता घेऊन आले आणि फोन नेमका त्यांच्या हाती लागला.

‘हे काय करायलास?’

‘हे डे, पप्पा. सिम्युलेशन आहे. शेतीचं.’

शेतीचं म्हटल्यावर रागाला बांध पडला. वडिलांनी चष्मा लावला. सोयाबीन पेरलेलं होतं.

‘किती दिवसाला येतंय?’

‘20 मिनिटांत.’

‘पाऊस?’

‘लागत नाही.’

‘यलो मोझॅक?’

‘नसतोय.’

‘ओलावा दाखवून भाव पाडणारा आडत्या?’

‘आडतच नाही. रस्त्याकडेला आपलं दुकान असतंय, भाव आपणच लावायचा.’

वडिलांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मुखेडची शेवटची एसटी निघून गेली. रात्री अकराला भैयानं पुस्तक पुढ्यात ठेवून हळूच फोन मागितला.

‘दम धर,’ वडील मान वर न करता म्हणाले, ‘रास व्हायची राहिलीय.’