आजचा वार कोणता?

बोकडाला वाचता येत नाही हे एका परीनं बरंच आहे. नाहीतर त्यानं सगळ्यात आधी पंचांग विकत घेतलं असतं. महाराष्ट्रात त्याचं आयुष्य तब्येतीपेक्षा वारावर अवलंबून. सोमवारी शंकर, मंगळवारी गणपती, गुरुवारी दत्त, शनिवारी मारुती असा कडेकोट बंदोबस्त. बुधवार, शुक्रवार, रविवार मात्र त्याच्या पाठीशी कुणी उभं राहत नाही. एखादी एकादशी किंवा संकष्टी बुधवारी आली तर तेवढाच दिलासा.

आम्ही दयाळू माणसं आहोत, त्याबद्दल शंका नसावी. फक्त आमची दया वेळापत्रकाप्रमाणे धावते. शनिवारी रात्री पावणेबाराला आमच्या तात्यांच्या घरी रस्सा तयार असतो, भाकऱ्या टोपल्यात असतात आणि सगळं कुटुंब घड्याळाकडे डोळे लावून बसलेलं असतं. शनिवारी शिजवलेलं मारुतीला चालतं, गिळलेलं चालत नाही. बारा वाजले की करुणा संपते आणि वाढप सुरू होतं.

श्रावणाचं गणित त्याहून सूक्ष्म. आपला महिना अमावास्येला संपतो, उत्तरेतला पौर्णिमेला. त्यामुळे गुरुपौर्णिमा उलटली की बनारसचा बोकड श्रावणात शिरतो आणि पुण्याचा बोकड आखाड पार्टीत. व्यवहारी बोकडानं गुरुपौर्णिमेच्या रात्री उत्तरेची गाडी धरावी, तिकडचा श्रावण उपभोगावा, नारळी पौर्णिमेच्या आत परत फिरावं आणि पिठोरी अमावास्येपर्यंत इथे चरावं. सलग दीड महिना जीवदान! रेल्वेनं ज्येष्ठ नागरिकांची सवलत बंद केली, बोकडांची अजून चालू आहे.

शिवाय वाडेबोल्हाईची देवी आहेच. तिच्या भक्तांना शेळी-बोकड वर्ज्य, मेंढी चालते. पुण्याकडे दुकानांवर ‘बोल्हाईचे मटण’ अशी पाटी दिसते, ती मेंढीच्या मटणाची. दोघं एकाच माळावर चरतात, एकाच काठीला भितात, एकाच पावसात भिजतात. एकाची देवीपाशी ओळख आहे, दुसऱ्याची नाही. मेंढरांनी हे अजून मनावर घेतलेलं दिसत नाही. त्यांच्यात संघटना नाही.

देवाधर्मात असं चालायचंच, म्हणून कायद्याकडे जावं. राज्याच्या 1976 च्या कायद्यानं गाय वाचली. 1995 च्या दुरुस्तीनं बैल आणि वळूही वाचायचे होते, पण राष्ट्रपतींची संमती मिळायला 2015 उजाडलं. वीस वर्षं बैल रांगेत उभे होते. म्हैस आणि रेडा मात्र त्या बंदीत आजही नाहीत. आता रेड्याचं काय चुकलं? ज्ञानेश्वरांनी पैठणला ज्याच्या तोंडून वेद वदवले, असं आपण लहानपणापासून ऐकतो, तो रेडाच होता. जुन्नर तालुक्यात आळे इथे त्याची समाधी आहे, माणसं तिथे हात जोडतात. वेद म्हणून झाले, समाधी मिळाली, यादीत नाव काही लागलं नाही. रंग काळा असला आणि दूध घट्ट असलं की एवढी विद्वत्ताही पुरत नाही.

इथवर वाचून आमचे शाकाहारी मित्र खूश झाले असतील. त्यांनी जरा थांबावं. त्यांच्या पाकिटावर हिरवा ठिपका असतो, आणि ठिपका असला की विचार करावा लागत नाही. दूध हिरव्या ठिपक्यात बसतं. गोठ्यात जन्मलेलं पारडू नर निघालं तर पुढे त्याचं काय होतं, हे दूधवाल्याला विचारण्याची आपल्यात पद्धत नाही. बासुंदी आटत असताना असले विषय काढू नयेत. पूजेला नेसायचं रेशमी वस्त्र आतल्या किड्यासकट उकळलेल्या कोशांच्या धाग्याचं असतं, पण ते सोवळं. काल नेसलेलं सुती धोतर, ज्यात कुणीच मेलं नाही, ते ओवळं. काजूकतलीवरचा चांदीचा वर्ख तर वर्षानुवर्षं बैलाच्या आतड्याच्या पानांत ठेवून कुटला जायचा. 2016 साली अन्नसुरक्षा प्राधिकरणानं त्यासाठी प्राणिजन्य साहित्य वापरायला मनाई केली. त्याआधी ज्या पिढ्यांनी दर दिवाळीत तो वर्ख बोटाला लावून चाटला, त्यांचा ठिपका कोणत्या रंगाचा धरायचा, हे कुणी सांगितलेलं नाही.

शाकाहारी दयेचा खरा कस लागतो तो घर भाड्यानं देताना. मुंबईत ‘नॉनव्हेज खाता का?’ हा प्रश्न पगाराच्या आधी येतो. पायाखाली मुंगी येऊ नये म्हणून जपून चालणारे गृहस्थ तान्हं मूल कडेवर घेतलेल्या जोडप्याला जिन्यातूनच वाटेला लावतात. मुंगीनं अजून त्यांच्या सोसायटीत सुरमई तळलेली नाही, हे तिचं नशीब.

मांसाहाराच्या बाबतीत आमचे तात्या ठाम आहेत. तात्या वर्षभर विज्ञानाच्या वाटेला जात नाहीत, पण ताटावर टीका झाली की त्यांना जगदीशचंद्र बोस आठवतात. “वनस्पतींनाही जीव असतो,” ते नळी फोडत म्हणतात. मी म्हटलं, “मग त्यांची काही दया?” तात्या म्हणाले, “म्हणून तर बोकड खातो. दिवसभर पाला ओरबाडतो मेला!” इतका सुसंगत युक्तिवाद मी आजवर ऐकलेला नाही.

विसंगतीचा हिशेब चोख ठेवणारा एकच माणूस मला माहीत आहे. गांधीजींनी दूध सोडण्याचं व्रत घेतलं होतं. 1919 च्या सुमारास आजारपणात ते खंगले, तेव्हा कस्तुरबांनी सुचवलं की व्रत घेताना तुमच्या डोळ्यांपुढे गाय-म्हैसच होती, मग शेळीचं दूध घ्यायला काय हरकत? गांधीजींनी घेतलं. पळवाट त्यांनीही काढली आणि आपणही काढतो. पण त्यांनी आत्मचरित्रात सरळ लिहून ठेवलं की आपण व्रताचं अक्षर पाळलं, आशय मोडला, आणि ते आपल्याला सलतं. आपल्याला सलायला लागलं की आपण वार बघतो.

श्रावणाआधीच्या शेवटच्या रविवारी मी आणि तात्या मटणाच्या रांगेत उभे होतो. रांग दुकानापासून पार रिक्षा थांब्यापर्यंत गेलेली. पुढचा एक जण “चरबी नको, नल्ली घाल, कलेजी वेगळी बांध” असं देवळात गाऱ्हाणं घालावं तसं सांगत होता. तात्यांना गाव आठवलं. लहानपणी त्यांनी एक बोकड पाळला होता, सोन्या नावाचा. रात्री तो त्यांच्या गोधडीवर येऊन बसायचा. जत्रा आली तेव्हा वडिलांनी सोन्या शेजाऱ्याला दिला आणि शेजाऱ्याचा राजा घरी आणला. “त्यांचा आम्ही खाल्ला, आमचा त्यांनी. दोन्ही घरांत कुणाला रडू आलं नाही,” तात्या म्हणाले. मग थोड्या वेळानं, कुणी काही विचारलेलं नसताना, म्हणाले, “मी त्या दिवशी जेवलो नव्हतो. पोट बिघडलं होतं.”

दुकानाच्या बाजूला खांबाला एक बोकड बांधलेला होता. तांबूस, एका कानावर पांढरा ठिपका. त्यानं मान लांब करून माझ्या पिशवीचा बंद तोंडात धरला आणि चघळायला लागला. मी बंद ओढला. त्यानंही ओढला.

“याचं नाव काय रे?” मी दुकानातल्या पोऱ्याला विचारलं.

“नाव नसतंय काका याला. आठशे रुपये किलो.”

“आजचा वार कोणता?” मी तात्यांना विचारलं.

“रविवार.”

मी पिशवी सोडवून घेतली आणि रांगेत एक पाऊल डावीकडे सरकलो. तिथून तो दिसत नव्हता.