असोच फिराक

डिसेंबर लागला की वर्तमानपत्रांत महाबळेश्वर गोठतं. वेण्णा तलावाकाठी जीपच्या टपावर आणि स्ट्रॉबेरीच्या पानांवर दव थिजतं. कुणी उत्साही पर्यटक ते नखाने खरवडून तळहातावर घेतो, त्याचा फोटो छापून येतो, आणि महाराष्ट्राचा बर्फाचा कोटा वर्षापुरता संपतो. तेवढ्याने ज्यांचं समाधान होत नाही ते मनाली गाठतात, भाड्याचा कोट आणि भाड्याचे गमबूट चढवतात आणि एकमेकांना गोळे मारून गाडीत येऊन बसतात. आमच्या सिंधुदुर्गात मात्र बर्फ आणि मासळी यांची फारकत झालेली मी पाहिलेली नाही. बर्फ येतो तो बांगड्यांच्या खोक्यातून, आणि दुपारपर्यंत वितळून बाजाराच्या गटारात जातो.

म्हणून दोडामार्गात हिवाळा नसतो असं मात्र समजू नये. पारा पंधरा-सोळा अंशांवर आला की माणसं मफलर, कानटोपी, स्वेटर आणि वरून टॉवेल अशा थाटात दुधाला निघतात. डिचोलीकडे कामाला जाणारे दुचाकीवर इतके गुंडाळलेले असतात की सख्खा भाऊ ओळखू येऊ नये. तिलारी धरणाचं पाणी पहाटेच्या हवेपेक्षा उबदार, त्यामुळे त्यावरून वाफ उठते, खोऱ्यात साचते, आणि आठ-साडेआठपर्यंत समोरचा सह्याद्री गायब असतो. पाहुण्यांना हे पांढरं जग फार आवडतं. काजूच्या बागायतदाराला ते अजिबात आवडत नाही. त्याच्या झाडांना मोहोर धरायचे हे दिवस, आणि धुकं लांबलं की मोहोर काळा पडायला लागतो. पाहुणा मोबाईल वर करून धुक्याचे फोटो काढत असतो, तेव्हा शेजारी उभा असलेला बागायतदार आभाळाकडे ज्या नजरेने पाहतो ती फोटोत येत नाही हे बरंच आहे.

अशाच एका सकाळी, ऊन चांगलं वर आल्यावर, मी आणि माझा मित्र मोर्ल्याहून पारगडाच्या पायवाटेला लागलो. बर्फाळ देशांतल्या रानवाटांबद्दल जे वाचलंय त्यात दोन गोष्टी हमखास असतात, शांतता आणि एकांत. यातलं आमच्या वाट्याला काहीच आलं नाही. हिवाळ्यात ऐन-किंजळीचा पाचोळा वाटेवर इतका पडतो की एक माणूस चालला तरी वरात चालल्यासारखं वाटतं. शेकरू ओरडतं, धनेश डोक्यावरून जातो तो पंखांचा फडफडाट ऐकवत. आणि एकांताचं म्हणाल, तर शेवटचं घर मागे पडेपर्यंत प्रत्येक खळ्यातून एकच प्रश्न येत राहतो.

"खंय चल्लात ओ?"

"असोच फिराक."

"असोच?"

या दुसऱ्या 'असोच'मध्ये जी काळजी असते ती ऐकण्यासारखी. इथल्या रानात कुणी उगाच जात नाही. लाकडं आणायला जातात, बागेत जातात, हरवलेलं ढोर शोधायला जातात. जवळचाच रामघाट एके काळी वेंगुर्ल्याचा माल बेळगावला पोचवायचा. मीठ वर जायचं, धान्य खाली यायचं. आंबोलीचा घाट झाला आणि रामघाट मागे पडला. शेकडो वर्षं ओझी वाहिलेल्या डोंगरात दोन माणसं पाण्याची बाटली आणि चिक्की घेऊन विनाकारण चढतात, तेव्हा त्यांच्या घरी काहीतरी बिनसलं असावं असंच गावाला वाटणार.

शेवटच्या घरातल्या आजींनी तर आम्हाला थांबवलंच.

"हत्ती काल रातीक केळीत होतो. आता खंय आसा, ता त्येकाच ठावक."

हत्ती इथे 2002 मध्ये कर्नाटकातून मांगेलीच्या बाजूने उतरले. चतुर्थीचा गणपती दीड, पाच किंवा सात दिवसांनी पोचवायचा असतो हे आमच्या जिल्ह्यात पोरालाही ठाऊक. हा गणपती मात्र परत जायचं नाव घेईना. केळी, माड, सुपारी, भेडले माड, सगळ्याचा नैवेद्य तो स्वतःच घेतो. लोक हात जोडतात, आणि जोडलेले हात सोडून फटाके लावतात. यात हसण्यासारखं जेवढं आहे तेवढंच. 2025 च्या एप्रिलमध्ये याच मोर्ल्यात सकाळी काजूच्या बागेत गेलेल्या शेतकऱ्याचा हत्तीने बळी घेतला. परदेशात म्हणे रानवाटेच्या तोंडाशी वही ठेवलेली असते, आत जाणाऱ्याने नाव आणि वेळ लिहून जायचं. आमच्याकडे ती वही खळ्यात बसून सुपारी कातरत असते. कोण गेलं, किती वाजता गेलं, परत आलं का, सगळी नोंद. मला पहिल्या तीन घरांपर्यंत तो भोचकपणा वाटला होता. आजींनंतर मी आपणहून मोठ्याने सांगत सुटलो, न विचारणाऱ्यांनाही.

याच भागात 2020 मध्ये तिलारीचं 29.53 चौरस किलोमीटर जंगल संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून जाहीर झालं. तिकडे हेवाळे-बांबर्ड्यात कानळाची राई आहे, रानजायफळाच्या जातीची, पायथ्याशी दलदल आणि चिखलातून वर आलेली मुळं. ती पाहायची तर वाट वेगळी. आमच्या वाटेवर चढ होता, आणि चढावर जैवविविधतेपेक्षा सावलीतला दगड जास्त मोलाचा.

घामाने स्वेटर कमरेला आला तेव्हा पारगड आला. गड शिवाजी महाराजांनी 1676 मध्ये वसवला. तानाजींचे पुत्र रायबा इथले किल्लेदार. चंद्र-सूर्य असेपर्यंत गड जागता ठेवा, असं महाराजांनी सांगितल्याचं इथे सांगतात, आणि त्या वेळच्या मावळ्यांचे वंशज अजूनही गडावर राहतात. भवानीमातेच्या देवळाजवळच्या एका घरी चहा मिळाला. घरमालकांनी आम्हाला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"चालत आलाय? काम काय काढलंय?"

"काही नाही. सहज."

त्यांनी मान हलवली, आत गेले, आणि नाचणीची पिशवी घेऊन आले. पाच किलो तरी असेल. मोर्ल्यात त्यांच्या मेहुण्यांकडे द्यायची होती.

"न्हाईतरी मोकळंच चाललाय न्हवं," ते म्हणाले.

उतरताना कुणी विचारलं की माझा मित्र रुबाबात सांगायचा, "नाचणी पोचवूक." पुढे कुणी काही विचारलं नाही. पिशवी मात्र सबंध वाट माझ्याच खांद्यावर होती.