काच दुभंगली, भाव चढला

१९६३ची कॉर्व्हेट स्टिंग रे विकाऊ आहे, ‘बहुतांशी मूळ’. मागची काच मधोमध पट्टीने दुभंगलेली, म्हणून भाव अस्मानात. मागचं दिसत नाही म्हणून अभियंता झोरा आर्कस-डंटव याच पट्टीवर वैतागलेला. डिझाइनप्रमुख बिल मिचेल हट्टाला पेटलेला. १९६४च्या मॉडेलातून पट्टी गेली. मग काही हौशी मालकांनी आपल्या गाडीचीही कापून टाकली, नवी दिसावी म्हणून! आता तीच परत बसवायला पैसे मोजायचे.

बॉडी फायबरग्लासची, ती गंजत नाही. गंजते खालची पोलादी चासी. तिचा फोटो जाहिरातीत नाही. इंजिनावरचा क्रमांक मात्र ठसठशीत. साठ वर्षांच्या इंजिनावर इतका ताजा ठसा? असो. रंग, गाद्या, क्रोम बदललंय म्हणे. हॉर्न मूळचाच आहे, वाजत नाही.