बैठक

"लिहायचं म्हणजे आधी बैठक पाहिजे हो!"

हे पालुपद असलेला एक तरी गृहस्थ तळेगावपासून खंडाळ्यापर्यंत कुठल्याही सोसायटीत सापडतो. नोकरीतून मोकळा झालेला, डोक्यात कादंबरी असलेला आणि कादंबरीच्या आधी खोली लावायला घेतलेला. आमच्या मळवलीतल्या नगाला मी बैठककाका म्हणतो. तोंडावर नुसतं काका.

काका पिंपरीच्या एका कारखान्यात खरेदी खात्यात होते. तीन कोटेशनं घेतल्याशिवाय या माणसाने जन्मात खिळा विकत घेतलेला नाही. लग्नाचंही तसंच झालं असं काकू म्हणतात, पण आपलं कोटेशन कितवं ते सांगत नाहीत. तर वरच्या मजल्यावरची खोली लिहिण्यासाठी मुक्रर झाली आणि बजेट ठरलं १०,००० रुपये. नेमके दहाच का? "गोल आकड्याला ही पटकन हो म्हणते."

एवढ्यात कसं भागणार, असं कुणी विचारलं की काका पैसा फंड काढतात. लोकांकडून एकेक पैसा गोळा करून तळेगावात १९०८ साली काचेचा कारखाना उभा राहिला, हा इतिहास आहे. "पैशापैशातून कारखाना उभा राहतो, आणि दहा हजारांत एक खोली राहत नाही?" जुन्या बाजारात मिळालेली कंदिलाची काच त्यांनी दिव्यावर बसवली आहे. ती त्याच कारखान्यातली, असा त्यांचा दावा. मी काही बोललो नाही. काचही काही बोलत नाही.

टेबलाची कथा मात्र नीट सांगायला हवी. पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. सलग पाच रविवार आणि एक बुधवार घालवून काकांनी तिथे एक दार पटकावलं. कुठल्याशा पाडलेल्या वाड्याचं, अस्सल सागवानी, कडी-कोयंड्यासकट. टेम्पोवाल्याने सांगितलेला आकडा दारापेक्षा मोठा निघाला, म्हणून काकांनी दार लोकलने आणलं. पुणे-लोणावळा लोकलच्या सामानाच्या डब्यात, दुधाच्या रिकाम्या किटल्यांच्या मधोमध, दार उभं धरून काका उभे. देहूरोडपर्यंत कुणी काही बोललं नाही. मग एका दूधवाल्याला राहवेना.

"काका, नुसतंच दार? घर मागच्या गाडीनं येतंय का?"

त्या दाराला पाय लागले शिलाई मशीनच्या दोन बिडाच्या स्टँडांचे. दोन्ही भंगारवाल्याकडून, किलोच्या भावाने. पैकी एकाचं पायडल अजून चालतं. काका विचारात पडले की पाय आपोआप हलतो आणि खालच्या स्वयंपाकघरात खडखड ऐकू येते. काकू ओट्यापाशी उभ्या राहून वर हाक मारतात, "कादंबरी चाललीय का ब्लाउज?" कोयंड्याचं म्हणाल तर तो काढायचा राहूनच गेला. कागद त्याच्यावर आला की ओळ तिथे उडी मारते.

हे सगळं मे महिन्यात. मेमध्ये इकडे कुठलीही खोली सुंदर दिसते.

पुण्यात वर्षाला सातशे-साडेसातशे मिलिमीटर पाऊस पडतो. लोणावळ्यात चार हजारांच्या वर, आणि मळवली पडली लोणावळ्याची सख्खी शेजारीण. पुण्याच्या बाजारातल्या वस्तूला हे कुणी सांगितलेलं नसतं. जून लागला तशी प्लायवूडची फळी फुगून तिचे पदर सुटले, चिरोट्याला सुटावेत तसे. चुन्यात नीळ घालून काकांनी स्वतः रंगवलेल्या भिंतीवर ओलीचे नकाशे उमटले. खोलीचा जीव होता तिची दक्षिणेची खिडकी. समोर लोहगड, विसापूर! काका पाहुण्यांना आधी खिडकी दाखवायचे, मग पाणी विचारायचे. झड आत यायला लागली तशी त्या खिडकीवरच बाहेरून ताडपत्री ठोकावी लागली. आता चार महिने काकांना निळंभोर आकाश दिसतं. घाटमाथ्यावर असं भाग्य जुलैत दुसऱ्या कुणाला नसेल.

कागद तर असे मऊ पडले की पेन टेकवलं की शाई पसरायची. काकांनी त्यावर बिनखर्ची तोड काढली. कागदाचं रीम प्लास्टिकच्या पिशवीत घालून तांदळाच्या पिंपात खुपसलं. तांदूळ घरचा, इंद्रायणी. त्यामुळे काकांच्या कोऱ्या कागदाला भाताचा वास येतो. भाताला कशाचा येतो, ते काकूंना विचारायची माझी छाती नाही.

भिंतीवर एकच फोटो आहे, दिवाळी अंकातून कापून चौकटीत घातलेला, गो. नी. दांडेकरांचा. अप्पा तळेगावचे, म्हणजे आपल्याच लोकलवरचे, हा काकांचा अभिमान. ‘माचीवरला बुधा’ लिहिणारा हा माणूस आयुष्यभर गडकिल्ले तुडवत हिंडला. समोरचा लोहगड तरी चढलात का, असं मी काकांना एकदा विचारलं. "एकदा खोली लागू दे," ते म्हणाले.

परवा वर्षासहलीवाल्यांची गर्दी ओसरल्यावर, म्हणजे भाज्याच्या रस्त्यावरचे कर्णे थांबल्यावर, मी त्यांच्याकडे गेलो. काका ताडपत्रीची दोरी आवळायला गच्चीवर गेले होते. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर एक शंभरपानी वही पडलेली. जमाखर्च. दुसऱ्याचा हिशेब वाचू नये हे मला कळतं, पण वही उघडीच होती.

‘२ जून. ताडपत्री. दुकानदार म्हणतो, पाच वर्षं बघायला नको. त्याच्या दुकानात बादली ठेवलेली होती, गळतीखाली.’

‘१९ जून. सुताराला चहा, दोन वेळा. दुसऱ्या चहाइतकं काम झालं नव्हतं.’

‘४ जुलै. टेबलाच्या बिजागरीपाशी अळंबी उगवली. खर्च ०. ही विचारते, भाजी करू का.’

‘११ जुलै. खुर्चीचा वेत सैल पडला. बसलो की हनुवटी टेबलाला लागते. टेबलाचे पाय कापणे २५० रु., उशी ०. उशी.’

बिडाचे पाय कापायला निघालेला माणूस! मी पायरीवर बसकण मारली आणि सत्तर पानं वाचून काढली. दूधवाला होता, दार होतं, तीन भंगारवाल्यांची भांडणं होती, आणि काकूंची वाक्यं तर जशीच्या तशी. दोनदा इतका हसलो की स्वयंपाकघरातून काकू डोकावून गेल्या.

काका खाली आले, नखशिखान्त भिजलेले.

"काका, हे छापायला द्या."

"ते? अहो, तो हिशेब आहे." त्यांनी वही माझ्या हातातून काढून घेतली, ओल्या बोटांनी जपून मिटली. "आणि अक्षर बघा ना. वर बसवत नाही, म्हणून इथे पायरीवर बसून, गुडघ्यावर धरून खरडलंय सगळं. नीट लिहायचं तर..." ते थांबले. जिन्याखालच्या कोनाड्याकडे बघत राहिले. मग खिशातून टेप निघाली.

"हे टोक धरा जरा. नाही, भिंतीला टेकवून."

मी धरलं.